चाकांचं धनुष्य

बाई उभ्यानं जेवत. ताट हातात आणि पाय चालूच. एक घास स्वयंपाकघरात, दुसरा अंगणात. वह्या तपासायच्या त्याही चालता चालता, खाली पाटीचा आधार धरून. वर्गात शिकवताना बाकांच्या रांगांमधून इतक्या फिरत, की मुलींना पुढं बघावं की मागं हेच कळत नसे. मुली त्यांना मागून वावटळ म्हणत. बाईंना ते माहीत होतं.

"वावटळ म्हणतात तर म्हणू दे," त्या सांगत. "एका जागी राहिलं की चिखल होतो. चिखल तर नाही ना म्हणत?"

मी अकोल्याला मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला लागले ते साठ सालानंतरच्या एका जून महिन्यात. मी बार्शीटाकळीकडच्या एका खेड्यातली. घरात शिकलेली मी पहिलीच. आम्ही धम्म घेतला त्याला काही वर्षंच झाली होती. अकोल्यात खोली शोधताना मी नाव सांगितलं की घरमालक गाव विचारत. गाव सांगितलं की घर गावाच्या कोणत्या बाजूला ते विचारत. आणि ते सांगितलं की खोली कालच दुसऱ्याला दिल्याचं त्यांना आठवत असे. मी गावाहून रोज एसटीनं येत होते आणि रोज पहिल्या तासाला उशिरा पोचत होते.

बाई त्याच शाळेत सायन्स शिकवत. एकदा स्टाफरूममध्ये त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, म्हणजे क्षणभर थांबल्या, आणि विचारलं, "तुला झोप कशी लागते? गाढ?"

मी हो म्हटलं.

"मग माझ्याकडे ये. समोरची खोली रिकामी आहे."

नाव, गाव काही विचारलं नाही. ही बाई देवमाणूस आहे असं वाटून मी त्याच आठवड्यात माझी पेटी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला माझ्या उशाशी भिंतीवर काहीतरी ठप्पकन आदळलं. मी उठून बसले. पुन्हा ठप्प. बाहेर येऊन बघते तर बाई अंगणाच्या त्या टोकाला, पदर खोचून, हातात पोलादी धनुष्य घेऊन उभ्या. माझ्या खोलीच्या भिंतीला बाहेरून गवताच्या पेंढ्यांचं जाड लक्ष्य बांधलं होतं आणि त्यात बाण रुतले होते. आधीचे सगळे भाडेकरू याच आवाजाला कंटाळून पळाले होते.

म्हणजे मला खोली मिळाली ती माझ्या झोपेमुळे. कोणी दया केली म्हणून नाही, माझ्या एका गुणामुळे मिळाली, याचं मला आजही बरं वाटतं.

बाईंचं माहेर अमरावतीचं. वडील वकील. त्या काळात तिथल्या एका आखाड्यात एका वस्तादांनी मुलींनाही लाठी आणि तिरंदाजी शिकवायला सुरुवात केली होती. गाव नाक मुरडत होतं, पण बाईंच्या वडिलांनी मुलीला पाठवलं. घरात तिच्या पायाला भिंगरी होती, ती निदान आखाड्यात तरी फिरेल म्हणून. तिथं बाईंचा हात असा बसला की आखाड्याच्या जलशात सगळ्यात शेवटी त्यांचं नाव पुकारलं जाई. मग लग्न झालं आणि त्या अकोल्याला आल्या. सोबत वेळूचं धनुष्य आणलं होतं. सासरी काही दिवस त्यानं चिंचा पाडल्या, पुढं त्याला मच्छरदाणी टांगली. एक दिवस ते मोडलं, तेव्हा मच्छरदाणीसाठी नवीन काठी आणली गेली, एवढंच.

नवरा लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. बाई पुन्हा शिकल्या आणि शाळेत लागल्या. पन्नाशी जवळ आली असताना काही कामानं नागपूरला गेल्या, तेव्हा जुन्या सामानाच्या दुकानात त्यांना हे पोलादी धनुष्य दिसलं. कुठलासा साहेब विलायतेला जाताना टाकून गेलेला. दुकानदार ते पडदे लावायची दांडी म्हणून विकत होता.

"मी हातात घेतलं," बाई सांगत, "अन् मले वाटलं, कोणीतरी माझं नाव पुकारलं." शाळेत त्यांची भाषा छापील असे. मनातलं बोलताना मात्र अमरावतीची बोली वर येई.

त्यांची तिरंदाजी मोहल्ल्याला कधी पटली नाही. शेजारी एक रिटायर झालेले कारकून राहत. एकदा बाण भिंतीवरून त्यांच्या अंगणात गेला आणि गाईसमोरच्या कडब्याच्या ढिगात घुसला. कारकून थरथरत आमच्या दारात आले. गाय मेली असती, मी मेलो असतो, असं बरंच बोलले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती खोल गेला?" कारकुनांना प्रश्न कळला नाही. बाई स्वतःच जाऊन कडब्यात हात घालून बघून आल्या आणि दिवसभर खुशीत होत्या. पुढं त्यांनी भिंतीवर पत्रे उभे केले, त्यामुळे घर गोदामासारखं दिसू लागलं.

माझी आई मला भेटायला आली तेव्हा तिनं ओट्यावर बसून सकाळचा हा प्रकार पाहिला. मग मला हळूच म्हणाली, "थे बाई कोणाले मारून राहिली वं?"

बाईंचे कान तिखट. लक्ष्यातले बाण उपटता उपटता त्या म्हणाल्या, "कोणालेच नाई मावशी. मारायजोगे बरेच होते, पण आता कोणी उरलं नाई."

आईला हे उत्तर फार पटलं. त्यानंतर ती जेव्हा यायची तेव्हा बाईंसाठी लक्ष्याला लागणारं गवत गावाहून वळून आणायची.

पण खरं सांगायचं तर बाईंचा नेम तेव्हा चांगला नव्हता. शाळेत स्टुलावर चढून वरच्या फळीवरच्या बरण्या काढताना त्या पडल्या होत्या आणि उजवा खांदा दुखावला होता. दोरी ओढता येई, पण ओढून धरता येत नसे. नेम धरायला जेवढं थांबावं लागतं तेवढ्यात हात थरथरू लागे आणि बाण सुटून जाई. डॉक्टरांनी हा नाद सोडायला सांगितलं. बाई म्हणाल्या, "मला आयुष्यात एकच गोष्ट थांबून करता यायची. ती सोडली तर मी थांबू कुठं?"

हे वाक्य त्यांनी अंगणात फेऱ्या घालत म्हटलं होतं. मला तेव्हा त्याचा नीट अर्थ लागला नाही. एवढं मात्र दिसत होतं की त्या वर्षी त्या जास्तच फिरू लागल्या होत्या. दुपारी शाळेतून आल्या की चप्पल न काढता पुन्हा बाहेर. कधी स्टेशनपर्यंत, कधी नदीपर्यंत. कुठं गेला होता विचारलं तर म्हणत, "परत यायला."

एकदा त्या अशाच फिरताना एका जिनिंग फॅक्टरीत शिरल्या. तिथल्या मिस्त्रीची मुलगी त्यांच्या वर्गात होती. पट्ट्यांवर फिरणारी चाकं बघत त्या उभ्या राहिल्या आणि घरी आल्या त्या डोक्यात एक खूळ घेऊनच. विहिरीतला पोहरा रहाटावरून ओढला की हलका होतो. मग धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाकं बसवली आणि दोरी त्यांच्यावरून नेली तर तीही हलकी का होऊ नये? दोरीऐवजी सायकलच्या ब्रेकची तार घ्यायची. मिस्त्री भला माणूस. त्याला यातलं काही कळलं नाही, पण मुलीच्या बाईंनी सांगितलं म्हणून त्यानं चाकं कातून दिली.

ती बसवली. काहीच फरक पडला नाही. दुसरी, मोठी चाकं केली. तार निसटून बाईंच्या मनगटावर बसली आणि वळ उठला. तिसऱ्या वेळेला मिस्त्रीकडून चूक झाली. दोन्ही चाकं एकावर एक पकडीत धरून त्यानं भोक पाडलं, ते मधोमध न पडता बरंच एका बाजूला पडलं. तो ओशाळला. ही टाकून देतो, सोमवारी नवी देतो म्हणाला. तो दिवस शनिवार होता. बाईंना सोमवारपर्यंत थांबणं शक्यच नव्हतं. त्यांनी ती चुकलेली चाकं पदरात बांधून आणली आणि ऊन उतरायच्या आत धनुष्याला चढवली. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते.

बाईंनी तार ओढली. अर्ध्यापर्यंत येताना त्यांचा चेहरा वाकडा झाला, इतकी ती जड जात होती. मी म्हणणारच होते की सोडा. तेवढ्यात दोन्ही चाकं कलंडल्यासारखी फिरली आणि बाईंचा चेहरा एकदम सैल झाला. तार कुठंतरी निसटली असं मला वाटलं. पण ती पूर्ण ओढलेली होती, त्यांच्या गालापर्यंत.

"हलकं झालं," बाई म्हणाल्या. मग थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "अवं, हे हलकं झालं."

आणि त्या उभ्या राहिल्या. हात थरथरला नाही. मी ताट खाली ठेवलं. इतके दिवस मी या बाईंच्या घरात राहत होते, रोज त्यांना पाहत होते, पण त्यांचा चेहरा मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसला. डाव्या भुवईत एक जुनी खोक होती. हनुवटीवर बारीक तीळ होता. डोळे अगदी फिकट, मधासारखे होते. एरवी त्या कधी इतका वेळ एका जागी नसतच.

बाण सुटला तो लक्ष्याच्या मधोमध बसला. नंतर त्यांनी मलाही ओढायला लावलं. आधी जड, मग आणखी जड, आणि मग एकाएकी कोणीतरी मागून येऊन अर्धा भार उचलावा तसं. आता अशी चाकांची धनुष्यं परदेशातून येतात, त्यांना कंपाउंड म्हणतात. माझी नात मैदानावर तसलंच वापरते आणि मीही हौसेनं कधी कधी दोन बाण मारते. तो भार कमी होण्याचा क्षण आला की मला बाईंचं ते अंगण दिसतं.

त्या हिवाळ्यात अमरावतीच्या आखाड्यानं तिरंदाजीच्या खुल्या सामन्यांचं जाहीर केलं. बाईंनी नाव दिलं. मीही बरोबर निघाले. धनुष्य सतरंजीत गुंडाळलेलं होतं. एसटीच्या कंडक्टरनं ते काय आहे विचारलं, तर बाई म्हणाल्या, "सायन्सचं सामान." मूर्तिजापूर येईपर्यंत त्या दोनदा जागेवरून उठल्या आणि पुढं उभ्याच राहिल्या.

आम्ही उतरलो बाईंच्या भावाकडे. जेवायची वेळ झाली तेव्हा वहिनींनी माझं पान बाहेर पडवीत मांडलं. हसून वाढलं. बाईंचा पाट आत, भावाशेजारी होता. मी पहिला घास घेतला आणि बघते तर बाई ताट हातात घेऊन पडवीत आल्या. नेहमीसारख्या येरझाऱ्या घालत जेवू लागल्या. फक्त पडवीतल्या पडवीत, माझ्या पानापासून दाराशी आणि पुन्हा माझ्या पानापाशी. एकदाही आत गेल्या नाहीत. भाजी हवी झाली तेव्हा तिथूनच मागितली. भाऊ आतून म्हणाला की हिची सवय काही जात नाही. मी बाईंना याबद्दल कधी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मैदानावर सतरंजी सोडली तेव्हा गर्दी जमली. कॉलेजची पोरं चाकं फिरवून बघू लागली. पंचांनी एकमेकांकडे पाहिलं आणि शेवटी वस्तादांना बोलावलं. तेच वस्ताद, ज्यांनी बाईंना शिकवलं होतं. आता सत्तरीपार गेलेले, पांढऱ्या मिशा, पण पाठ ताठ. त्यांनी बाईंना ओळखलं. डोक्यावर हात ठेवला. मग धनुष्य पाहिलं, एका चाकावरून बोट फिरवलं.

"हे धनुष्य नाई पोरी," ते म्हणाले. "हे मशीन हाय. याले सामन्यात घेता येत नाई."

"रहाटानं काढलं तर पाणी पाणी नसते का वस्ताद?" बाईंनी विचारलं.

"पाणीच असते. पण ताकद कोणाची, थे सांगता येत नाई."

एका पंचानं वेळूचं साधं धनुष्य पुढं केलं. मला वाटलं बाई नाही म्हणतील. त्यांनी घेतलं. जिथं एकेकाळी शेवटी त्यांचं नाव पुकारलं जायचं, त्याच मैदानावर त्यांनी आपली पाळी आली तेव्हा बाण लावला, आणि हात थरथरू लागला. पहिला बाण लक्ष्याच्या अलीकडे पडला. नंतरचे इकडं तिकडं गेले. एक तर आडवाच घसरला आणि मागं बसलेल्या मुली हसल्या. बाईंनी सगळे बाण मारले. मधे सोडून दिलं नाही. धनुष्य परत करून पंचांना नमस्कार केला आणि मैदानाच्या कडेकडेनं भराभर चालू लागल्या. मी सतरंजी उचलून जवळजवळ पळतच त्यांच्या मागं गेले.

फाटकाशी कोणीतरी हाक मारली. वस्ताद होते. सामने संपत आले होते, उन्हं कलली होती, आणि ते एकटेच आमच्या मागं आले होते. धाप लागली होती. ते बाईंशी नाही, माझ्याशी बोलले. "थे दाखव जरा."

आखाड्यामागं सरावाची मोकळी जागा होती, तिथं गेलो. वस्तादांनी धनुष्य हातात घेतलं. हात अधू झाल्यापासून त्यांनी बाण मारला नव्हता. नुसतं शिकवत होते. त्यांनी तार ओढायला घेतली. अर्ध्यावर त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, दंड कापायला लागला. बाई पुढं झाल्या, पण हात लावला नाही. मग चाकं कलंडली.

वस्ताद तसेच उभे राहिले. तार गालाशी, डोळा बाणावर. मिशी हलत होती, हात हलत नव्हता. बऱ्याच वेळानं त्यांनी मान न वळवता विचारलं, "सोडू काय?"

"थांबा थोडं," बाई म्हणाल्या. "घाई काय हाय?"

ते थांबले. पलीकडच्या मैदानावरून बक्षिसांची नावं पुकारल्याचा आवाज येत होता. मग बाण गेला आणि लक्ष्याच्या काठावर बसला. बाईंनी धनुष्यावर सतरंजी गुंडाळली आणि ते वस्तादांच्याच हातात दिलं.

ते घ्यायला तयार होईनात. म्हणाले की मी तुला सगळ्यांसमोर बाहेर काढलं आणि तू हे मलाच देतेस, हे बरं दिसत नाही.

"तुमचं बरोबर होतं," बाई म्हणाल्या. "सामन्यात नाई चालत हे. पण सकाळी चालते. एकट्यानं."

परतीच्या बसमध्ये बाईंना नव्या धनुष्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. पण त्या धरून चालल्या होत्या तसं पुढं झालं नाही. मिस्त्रीला ती चूक पुन्हा करता येईना. भोक किती बाजूला होतं ते बाईंनी मोजून ठेवलंच नव्हतं. मोजायला त्या थांबल्या कुठं होत्या? मिस्त्रीनं चाकांमागून चाकं कातली. काही फार जड, काहींवरून तार उतरायची, एकानं तर नागपूरहून दुसऱ्यांदा शोधून आणलेलं धनुष्यच पिळवटून टाकलं. मी सुचवलं की वस्तादांकडून चाकं मागवून माप घेऊ आणि परत पाठवू. बाई माझ्यावर चिडल्या.

"म्हणजे त्यांच्या तेवढ्या सकाळी जातील," त्या म्हणाल्या. "सत्तरीच्या माणसाच्या सकाळी मागून घेते का कोणी?"

मग माझं लग्न झालं आणि मी अकोटला गेले. बाईंची पत्रं येत, दोन ओळींची. चाकं अजून जमली नाहीत, हे त्यात असे. पुढं वस्ताद गेल्याचंही कळलं.

त्यानंतरच्या दिवाळीत मी त्यांना भेटायला अकोल्याला गेले. तोवर बाई रिटायर झाल्या होत्या. घर तसंच, पत्रे तसेच. कोपऱ्यात चाकांनी भरलेला डबा. केस पांढरे झाले होते, फिरणं कमी झालं नव्हतं. मी विचारलं की आता वस्ताद नाहीत, तर धनुष्य परत आणायला काय हरकत आहे.

बाई म्हणाल्या की धनुष्य घेऊन जा असा वस्तादांच्या मुलानं निरोप पाठवला होता, आणि त्या गेल्याही होत्या आणायला. पहाटेच आखाड्यात पोचल्या. पण तिथं पाहतात तर धनुष्य जागेवर नव्हतं. मागच्या मोकळ्या जागेत म्हाताऱ्यांची रांग लागली होती. कोणाचा खांदा गेलेला, कोणाचं मनगट. वस्तादांचे जुने चेले, वर्षानुवर्षं नुसते आखाड्यात येऊन बसणारे. वस्तादांनी शेवटच्या काळात एकेकाला बोलावून ते धनुष्य हातात दिलं होतं. आता ते रोज सकाळी येत होते, आणि एकेक जण आपल्या पाळीनं बाण मारत होता.

"मग तुम्ही काय केलं?" मी विचारलं.

"काय करणार? लागले रांगेत."

"तुम्ही? रांगेत उभ्या राहिलात?"

"उभी कुठं वं? एका म्हाताऱ्याले म्हटलं माझी जागा धर, अन् मैदानाले चकरा मारत होते."

"आणि पाळी आल्यावर?"

अंगणातल्या त्यांच्या फेऱ्या चालूच होत्या. दारापाशी जाऊन त्या वळल्या.

"तेवा थांबले," बाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.